फराळाच्या यादीतलं खोडलेलं नाव

आभाच्या सातव्या वाढदिवसाला तिच्या आईला एक तास मिळाला होता. पाच ते सहा. ही वेळ कुठल्या कोर्टाने दिलेली नव्हती, कमलाकररावांनी दिली होती. पण कोर्टाच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने दिलेली वेळ म्हणजे आदेशच, असं त्या घरात सगळे धरून चालत. सून पाचला येणार म्हणून त्यांनी दाजी वकिलांना साडेचारलाच बोलावून ठेवलं होतं. काय बोलणं होईल ते साक्षीने झालेलं बरं.

दाजी वकील सोफ्यावर ऐसपैस बसून चिरोटे खात होते. कमलाकररावांच्या पत्नीचे, आशालताबाईंचे चिरोटे म्हणजे नवीन पनवेलात नाव होतं. पातळ पापुद्रे आणि काठाला गुलाबी रेघ. दिवाळीला तर करायच्याच, पण आभाला आवडतात म्हणून आज महिन्याभरातच पुन्हा केले होते.

"वहिनी, हाताला चव तीच हं अजून," दाजी बोटं पुसत म्हणाले आणि बॅगेतून कागद काढून त्यांनी टीपॉयवर ठेवला. "हे जरा नजरेखालून घाला. उद्या सोमवारी कोर्टात येऊन शपथेवर सही करायची, बस. आपली केस म्हणजे तुम्ही. बाप दिवसभर कळंबोलीला ऑफिसात, मुलीला सांभाळतं कोण? आजी. आजीचं प्रतिज्ञापत्र आलं की ताबा हलत नाही."

आशालताबाईंनी चष्मा लावला. सून इस्पितळात नर्स आहे, रात्रपाळ्या करते, मुलीची हेळसांड होते, असं सगळं ओळीने लिहिलेलं होतं. शेवटच्या परिच्छेदावर त्यांची नजर अडकली. 'लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सदर सून मुलीला टाकून स्वखुशीने माहेरी निघून गेली.'

"स्वखुशीने?" त्या म्हणाल्या.

"तो शब्द लागतो," कमलाकरराव खुर्चीतून म्हणाले. "अर्थ काढत बसू नकोस."

रुचिरा, त्यांची लेक, डोंबिवलीहून सकाळीच आली होती आणि भावाच्या बाजूने कंबर कसून बसली होती. ती आईच्या कानाशी वाकली. "आई, करून टाक ना सही. आभा आपल्याकडेच राहील. तुलाच तर हवीय ती."

हे मात्र अगदी खरं होतं. सुनेच्या, म्हणजे रोशनीच्या, रात्रपाळीला सात वर्षं आभा आजीच्या कुशीत झोपली होती. तिचे पहिले दात, गोवर, पाढे, सगळं आजीच्या हाताखालून गेलं होतं. पोर गेली तर या घरात आपण कुणाशी बोलणार, हा प्रश्न आशालताबाईंना लक्ष्मीपूजनाच्या दिवसापासून खात होता. नवऱ्याशी त्यांचं बोलणं भाजी काय करू इथवरच उरलं होतं, आणि त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काय झालं ते आशालताबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सणाच्या दिवशी ड्यूटी घेतली म्हणून त्यांचा मुलगा सत्यजीत रोशनीला बोलला, ती उलट बोलली, आणि त्याने तिच्या कानशिलात वाजवली. आभा हातात फुलबाजी धरून उभी होती. रोशनीने पिशवी भरली, पोरीचा हात धरला आणि ती दाराशी गेली. तेव्हा आशालताबाईच मध्ये आल्या. "अगं, आज लक्ष्मीपूजन. दिवेलागणीला घरातलं मीठसुद्धा आपण कुणाला देत नाही, आणि तू लेकीला बाहेर नेतेस? उद्या पाडव्याला ने. मी स्वतः आणून सोडते." रोशनी थबकली. कोळ्यांच्या घरातही त्या संध्याकाळी केरसुणी उंबऱ्याबाहेर जात नाही, तिला ते कळत होतं. तिने आभाचा हात सोडला आणि एकटी उरणजवळच्या मोऱ्याला बापाच्या घरी गेली. पाडव्याला सकाळी ती परत आली तर दाराचं कुलूप बदललेलं होतं.

बेल वाजली. पाचाला दहा कमी होते.

रोशनीबरोबर तिची आई सोनाबाई होती. हातात स्टीलचा डबा.

"काय आहे?" कमलाकररावांनी दारातच विचारलं.

"सोड्यांची खिचडी हाय. पोरीला आवरते."

"तो बाहेर राहू दे, सुक्या मासळीचा वास घरात नको. शू-रॅकवर ठेवा."

सोनाबाईंनी डबा चपलांच्या शेजारी ठेवला, पदराने त्याचं झाकण पुसलं आणि त्या आत आल्या. आतल्या खोलीतून आभा धावत आली ती थेट आईच्या पोटावर आदळली. रोशनी तिच्या केसांत तोंड घालून उभी राहिली. सत्यजीत मोबाइलमध्ये बघत होता, आणि बघण्यासारखं त्यात काही नसावं, कारण स्क्रीन काळीच होती.

"आभा, आत जा. रुचिरा, तिला ने जरा. मोठ्यांचं बोलणं आहे," कमलाकरराव म्हणाले.

"माझा तास आहे ना?" रोशनी म्हणाली.

"तुझा तास पाचला सुरू होतो."

रुचिराने भाचीला आत नेलं. दाराआडून आभाचा आवाज आला, "आत्या, पाच कधी वाजणार?"

दाजींनी घसा खाकरला. "रोशनीताई, सामोपचाराने घ्या. तुमचा वकील कोण? म्हणजे मी त्यांच्याशी परस्पर बोलतो."

रोशनी हसली.

"माझा वकील कोण ते तुम्ही सांगा ना. अकरा जणांकडे गेले मी. ड्यूटी संपवून, जेवण न करता. अकरा. पहिले म्हणाले, सॉरी मॅडम, तुमचे सासरे माझ्याशी या विषयावर बोललेत, आता मला तुमचं काम घेता येणार नाही. दुसरे तेच म्हणाले. तिसऱ्या बाई होत्या, मला वाटलं बाई तरी ऐकेल. त्या म्हणाल्या, साहेब घरी येऊन सगळं सांगून गेले, मी बांधलेली आहे. चौथ्यांच्या टेबलावर डिश होती." तिने टीपॉयकडे बोट दाखवलं. "हे होते त्यात. गुलाबी काठाचे. मला म्हणतात, घ्या ना, साहेबांच्या घरचे आहेत."

आशालताबाईंना पटकन काही कळेना. मग हळूहळू सगळं कळलं आणि त्या होत्या तिथेच स्टुलावर बसल्या.

दरवर्षी फराळाचे डबे बाहेर जायचे. कुणाला द्यायचे त्याची यादी आशालताबाईंच्या वहीत होती, वीस वर्षांची, त्यांच्याच अक्षरात. कोर्टातले वकील, जुने सहकारी, दोन डॉक्टर. नवरा निवृत्त झाला तरी यादी चालूच राहिली, कारण मान टिकवायचा तर डबा बंद करून चालत नाही. दरवर्षी एक रिक्षावाला डबे पोचवायचा. या वर्षी मात्र भाऊबीज झाल्यावर कमलाकरराव म्हणाले, मीच जातो. तीन दिवस पिशव्या घेऊन उन्हातान्हात फिरले. सुनेने घर सोडलं म्हणून बिचाऱ्याचं मन लागत नसेल, चार माणसांत जातायत ते बरंच, असं वाटून आशालताबाईंनी या वर्षी प्रत्येक डब्यात दोन-दोन चिरोटे जास्तीचे घातले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही फराळ द्यायला गेला होतात ना?"

"दिला की. कुणाचा ठेवला का?" कमलाकरराव शांत होते. "माणूस फराळ घेऊन जातो, समोरचा घरचं विचारतो, आपण सांगतो. सल्ला मागणं काही गुन्हा नाही. आणि ज्याने एका पक्षाचं ऐकून घेतलं त्याने दुसऱ्या पक्षाचं वकीलपत्र घेऊ नये, हा नियम काही मी केलेला नाही."

दाजी वकील छताकडे बघत होते. त्यांना हे नवीन नसावं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला माणूस नव्हता कमलाकर. भांडं पुढे करायचा आणि वर ते आपलंच आहे म्हणून कागद दाखवायचा.

"बाबा, अकरा ठिकाणी?" रुचिरा आतल्या दारात येऊन उभी होती. तिच्या आवाजातला सकाळचा जोर गेला होता.

"बारा," कमलाकरराव म्हणाले. "एकाकडे ती पोचली नसेल अजून."

"आमी जालं टाकतो तं दर्यात टाकतो," सोनाबाई आशालताबाईंकडे वळून म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच आशालताबाईंना जास्त लागलं. "तुमी घरच्या उंबऱ्यात टाकलंत, विहीणबाय. आनि माशाला सांगलंत का आज सन हाय, आज नको जाऊस."

"मला हे ठाऊक नव्हतं हो. शपथ घेते, रोशनी, मला—"

"चिरोटे कोणी लाटले, आई?" रोशनी म्हणाली. "थांब म्हणून कोणी सांगितलं? माझे बाबा अजून मलाच बोलतात. पोरीचा हात सोडलास कशाला म्हणून. काय सांगू त्यांना? सासूवर विश्वास ठेवला म्हणून सांगू?"

सत्यजीतने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "आता आईला मध्ये ओढू नकोस. तिने तुझं काय वाकडं केलंय?"

"तिला मी नाय, तुमी ओढलंय. तो कागद कोणाच्या नावाचा हाय?" चिडली की रोशनीच्या बोलण्यात मोरा उतरायचा, आणि एरवी सत्यजीत त्यावरून तिला हसायचा. आज हसला नाही.

कागद टीपॉयवर होता. त्यावर चिरोट्याचा चुरा पडला होता. आशालताबाईंनी तो झटकला आणि दाजींकडे पाहिलं. पांढरे केस, सोनेरी काडीचा चष्मा. पण त्यांना दिसत होता तो तीस वर्षांचा दाजी, टपाल नाक्याजवळ नुकतीच पाटी लावलेला. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. कडेवर दोन वर्षांचा सत्यजीत, आणि दंडावर जो वळ होता तो पदराखाली. मला वेगळं व्हायचंय, पण मुलगा माझ्याकडे राहिला पाहिजे, एवढंच त्या बोलल्या होत्या. दाजी म्हणाले होते, बसा वहिनी, अर्ज करतो तयार, चहा घ्या. स्पेशल चहा आला. तो संपायच्या आत दारात कमलाकर उभा होता. पोऱ्याला चहा सांगायला पाठवलं होतं की नवऱ्याला बोलवायला, ते त्यांना त्या दिवशीच कळलं. कमलाकरने सत्यजीतला आपल्या कडेवर घेतलं आणि घरी जाताना रस्त्यात एकच वाक्य बोलला. "पनवेलात तुला वकील मिळायचा नाही." त्यानंतर त्याने कधी हात उचलला नाही. गरजच उरली नाही.

पस्तीस-छत्तीस वर्षं त्या याला नशीब म्हणत आल्या होत्या. नशीब वगैरे काही नव्हतं. एका माणसाची काम करायची ती पद्धत होती, आणि आता तिच्यात चिरोट्यांची भर पडली होती.

"दाजी," आशालताबाई म्हणाल्या, "त्या दिवशीचा तुमचा चहा फार गोड होता."

दाजींचा हात डिशकडे निघाला होता तो मध्येच राहिला.

"कुठला चहा?" सत्यजीतने विचारलं.

"तुला कडेवर घेऊन गेले होते मी यांच्याकडे. काडीमोड मागायला. तू दोन वर्षांचा होतास." रुचिराने तोंडावर हात ठेवला. "यांनी मला चहा पाजला आणि तुझ्या बाबांच्या ताब्यात दिलं."

"आशा, पुरे," कमलाकरराव म्हणाले.

"पुरेच म्हणतेय." त्या उठल्या. देवघराखालच्या फळीवरून त्यांनी फराळाची वही काढली, पानं उलटली आणि रोशनीसमोर धरली. "ही यादी बघ. यातल्या कुणाकडे आता जाऊ नकोस, सगळ्यांनी खाल्लंय. हे एक नाव खोडलेलं दिसतंय? निशा वकील. हिचा डबा आठ वर्षांपूर्वी यांनी बंद करायला लावला. कोर्टाच्या नकला वेळेवर देत नाहीत म्हणून हिने यांच्याविरुद्ध वरती तक्रार केली होती. ती आता उरणला बसते. हिच्याकडे आपल्या घरचं काहीच गेलेलं नाही."

सगळी माणसं एकदम बोलायला लागली. कमलाकरराव उभे राहिले होते आणि वही मागत होते. दाजी बॅग आवरत होते. सत्यजीतचा आवाज चिरकला. "आई, तू माझी आई आहेस का तिची?"

"तुझीच आहे. म्हणून तर आजवर गप्प बसले."

"आणि दादाचं काय?" रुचिराला आता रडू फुटलं होतं, आणि ती कुणावर रागावली होती ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. "बाबा चुकले असतील, पण आभा गेली तर दादा उभा कसा राहील? तू तरी कशी राहशील? विचार केलास?"

आशालताबाईंनी केला होता. त्यांनी वहीतलं पान फाडून रोशनीच्या हातात दिलं. रोशनीने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. आभार मानले नाहीत. घड्याळात पाच वाजून पंचवीस झाले होते. तिने आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि उरलेला पस्तीस मिनिटांचा वेळ पोरीला दिला. सहाला ती निघाली तेव्हा आभा तिच्या ओढणीचं टोक सोडेना. ती बोटं एकेक करून सोडवायचं काम शेवटी आजीलाच करावं लागलं. दुसरं कुणी पुढे आलं नाही.

सोनाबाईंचा डबा शू-रॅकवर तसाच होता. आशालताबाईंनी तो आत आणला, खिचडी गरम केली आणि आभाला भरवली. कमलाकरराव बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना बोलायला शब्द न सापडल्याचं त्या पहिल्यांदाच पाहत होत्या, पण त्यात वाटायला हवा होता तसला आनंद काही त्यांना वाटला नाही.

सोमवारी दाजी वकिलांनी कोर्टात अकरापर्यंत वाट पाहिली म्हणतात. तेव्हा आशालताबाई उरणच्या एसटीत होत्या.

निशाचं ऑफिस उरणच्या बाजारात एका औषधाच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, खोली लहान. आदल्या रात्री फोनवर ठरल्याप्रमाणे रोशनी आधीच येऊन बसली होती. रात्रपाळीवरून थेट आली असावी, डोळे सुजलेले होते. तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, एवढंच.

निशा चाळिशीची, आवाज खणखणीत. "तुमच्या घरचे चिरोटे फार छान असायचे, काकू," ती म्हणाली. "तक्रार केली त्याचं वाईट नाही वाटलं, डबा बंद झाला त्याचं वाटलं." मग तिने कागद पुढे ओढला. "तुम्ही रोशनीताईंच्या बाजूने प्रतिज्ञापत्र देताय. घरी काय होईल याची कल्पना आहे?"

"आहे."

"मग रोशनीताईंनी सांगितलं त्यावरून मी लिहिलंय ते वाचते." मारहाण, बदललेलं कुलूप, अकरा वकील, सगळं सरळ शब्दांत होतं. आशालताबाई ऐकत होत्या. निशा शेवटाकडे आली. "'लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या सुनेने मुलीला सोबत नेण्याचा प्रयत्न केला असता, पतीच्या सांगण्यावरून मी तिला थांबवले.' ठीक आहे?"

"नाही."

निशाने मान वर केली.

"'पतीच्या सांगण्यावरून' खोडा. ते तेव्हा सोसायटीच्या पूजेला खाली गेले होते. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं."

"काकू, हे वाक्य तुमच्या भल्यासाठी आहे. नाहीतर त्यांचा वकील उलटतपासात तुम्हालाच—"

"मिठाचं, लक्ष्मीचं मी बोलले ते तोंडाला आलं म्हणून. मनात ते नव्हतंच. पोर एकदा मोऱ्याला गेली की परत यायची नाही, हे मला कळलं होतं. मला ती हवी होती." त्यांनी रोशनीकडे पाहिलं नाही. "कुलूप त्यांनी बदललं. पण दार आधी मी लावलं. तसं लिहा."

रोशनीने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. निशाने ते दोन शब्द खोडले आणि वर नवीन ओळ लिहिली.

सही करण्याआधी आशालताबाई थांबल्या. "एक विचारू? सत्यजीतला भेटायला वार मिळतील ना? शनिवार वगैरे?"

"मिळतील. बापाला मिळतातच."

"आणि आजीला?"

निशाने पेन टेबलावर ठेवलं. "आजीला आपोआप वार मिळत नाही, काकू. वेगळं मागावं लागतं. नाहीतर मुलीच्या आईची राजीखुशी लागते."

आता मात्र त्यांनी रोशनीकडे पाहिलं. रोशनी अजून खिडकीबाहेरच बघत होती.

"सही करायची नसेल तर राहू दे, आई," ती तशीच, न वळता म्हणाली. "पण ते मी आज नाय सांगू शकत. उद्याही नाय."

आशालताबाईंनी कागद जवळ ओढला आणि सही केली. आशालता कमलाकर, आडनावासकट पूर्ण नाव, गेली वीस वर्षं फराळाच्या यादीवर लिहीत आल्या होत्या त्याच अक्षरात. मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि पनवेलची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. ते रोशनीने सांगितलं.